दोन कॅमेऱ्यांच्या फोटोंची नावं सारखीच का येतात? ९९९९ नंतर नंबर पुन्हा ०००१ का होतो?

मेमरी कार्ड ठणठणीत आहे, बदलायला जाऊ नका. काळारामाच्या रथोत्सवाचे फोटो दोन निकॉनमधून एकाच फोल्डरमध्ये टाकताना 'या नावाची फाइल आधीच आहे' असं लॅपटॉप सांगतोय, शिवाय मित्राच्या काही फोटोंच्या नावात अंडरस्कोर अचानक पुढे आलाय, असं तुम्ही लिहिलंय. नाशकात लग्नं-मुंजी शूट करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे रोजचंच आहे.

नाव ठेवताना कॅमेऱ्याचे हात बांधलेले असतात. एका कंपनीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात उघडावं म्हणून १९९८ साली जपानमध्ये डीसीएफ नावाचा नियम ठरला. कार्डावर दिसणारं डीसीआयएम फोल्डर त्यातलंच. त्याच्या आतल्या फोल्डरांना १०० ते ९९९ असे तीन आकडे आणि पुढे पाच अक्षरं. फाइलचं नाव डॉसच्या जमान्यातल्यासारखं आठ जागांचं: आधी चार अक्षरं, मग ०००१ ते ९९९९. म्हणून ९९९९ झाले की कॅमेरा नवीन फोल्डर उघडतो आणि पुन्हा ०००१ पासून सुरू करतो.

पहिल्या चार जागांत कंपन्या आपापली हौस भागवून घेतात. कॅननचं आयएमजी_ आणि व्हिडिओला एमव्हीआय_, फुजीचं डीएससीएफ, निकॉनचं डीएससी_. पॅनासॉनिक तर 'पी'पुढे फोल्डरचाच नंबर लावतं. अंडरस्कोर पुढे येतो तो ॲडोबी आरजीबी या कलर स्पेसमुळे, म्हणजे फोटोत रंग कसे नोंदवायचे त्या सेटिंगमुळे. त्यातल्या फोटोचं नाव अंडरस्कोरनेच सुरू व्हावं असा नियम आहे, म्हणून डीएससी_ चं _डीएससी होतं. मित्राचं सेटिंग मधेच बदललं गेलं असणार. फोटो फक्त मोबाइलवर आणि व्हॉट्सॲपवर बघायचे असतील तर एसआरजीबी हे नेहमीचं कलर स्पेसच ठेवा, नाहीतर उगाच रंग फिके दिसतात.

आता नावांची टक्कर. मेनूत 'फाइल नेमिंग' असेल तर एका कॅमेऱ्याची तीन अक्षरं बदला. 'फाइल नंबर सिक्वेन्स' चालू ठेवा, नाहीतर कार्ड फॉरमॅट केलं की नंबर पहिल्यापासून. कार्डावर असताना फाइलचं नाव मात्र बदलू नका, नियमात न बसणारं नाव कॅमेरा स्वतःच्या स्क्रीनवर दाखवत नाही. आणि लॅपटॉप विचारेल तेव्हा 'रिप्लेस' चुकूनही नको. मी प्रत्येक कॅमेऱ्याचं फोल्डर वेगळं ठेवतो आणि कॉपी झाल्यावर एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने सगळ्यांना तारीख-वेळेची नावं देतो. फोटो कधी काढला ते फाइलच्या आत एक्झिफ नावाच्या नोंदीत लिहिलेलं असतं. नंबरावरून रामरथ आधी की गरुडरथ आधी हे दोन कॅमेऱ्यांमधून कधीच कळणार नाही, वेळेवरून कळेल.

त्यासाठी घड्याळं जुळलेली हवीत. कार्यक्रमाआधी सेकंद दाखवणारं मोबाइलचं घड्याळ समोर धरून दोन्ही कॅमेऱ्यांतून एकेक फोटो काढायचा. नंतर काही सेकंदांचा फरक निघाला तर एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढेच पुढे-मागे सरकवता येतात. नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोंना हा उपाय चालत नाही. तिथे एक्झिफ पुसलं जातं आणि नावातली तारीख फोटो तुमच्या मोबाइलवर आला त्या दिवसाची असते. अशा वेळी मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

व्हिडिओचं वेगळंच. गोप्रो हा छोटा ॲक्शन कॅमेरा मोठं शूटिंग तुकड्यांत साठवतो आणि तुकड्याचा नंबर क्लिपच्या नंबराच्या आधी लावतो: जीएक्स०१०१२३, मग जीएक्स०२०१२३. नावाने सॉर्ट केलं की सगळ्या क्लिपांचे पहिले तुकडे आधी येतात आणि मिरवणूक तुटक दिसते. शेवटचे चार आकडे सारखे असलेले तुकडे एकत्र घ्या, एडिटिंगला बसण्याआधीच.