१९४६ च्या नौदल बंडामुळे इंग्रज गेले हे खरं आहे का? आणि मग आपलं सरकार नेमकं कसं बनलं?

तुमचा प्रश्न असा आहे की व्हॉट्सॲपवर फिरतं तसं खलाशांच्या बंडामुळेच इंग्रज पळाले का, का ते सगळं गांधी-नेहरूंनी बोलणी करून मिळवलं. मी या विषयावर बरीच वर्षं वाचतोय आणि मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात.

आधी तारखा बघा, कारण सगळा घोळ तिथेच होतो. बंड सुरू झालं १८ फेब्रुवारी १९४६ ला आणि कॅबिनेट मिशन (सत्ता सोपवण्याची बोलणी करायला येणारं ब्रिटिश मंत्र्यांचं शिष्टमंडळ) भारतात पाठवणार ही घोषणा लंडनमध्ये झाली लगेच दुसऱ्या दिवशी, १९ ला. त्यामुळे लोक म्हणतात बघा, बंड झालं आणि चोवीस तासांत इंग्रज वाकले. पण असं मिशन पाठवायचं हे ब्रिटिश पंतप्रधान ॲटलीच्या मंत्रिमंडळात जानेवारीतच ठरलं होतं, म्हणजे एका दिवसात काही बदललं नाही. मग बंडाचा उपयोग काय झाला? माझ्या मते खूप झाला, पण वेगळ्या जागी.

इंग्रजांचं राज्य इथे मूठभर गोऱ्यांच्या जोरावर कधीच नव्हतं हो, ते आपल्याच लोकांच्या अंगावरच्या वर्दीवर उभं होतं. शिपाई आपला, पोलीस आपला, कारकून आपला. १९४२ च्या चलेजावमध्ये लोक रस्त्यावर आले, रेल्वेचे रूळ उखडले, साताऱ्यात तर प्रतिसरकार उभं राहिलं, तरी वर्दीवाला बऱ्यापैकी इंग्रजांच्या बाजूने राहिला म्हणून ते आंदोलन चिरडू शकले. ती वर्दी १९४५-४६ च्या हिवाळ्यात सैल व्हायला लागली. लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल, धिल्लन यांच्यावर खटला चालवला, एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख, आणि अख्खा देश त्यांच्या मागे उभा राहिला. कलकत्त्यात नोव्हेंबरमध्ये आणि परत फेब्रुवारीत गोळीबार झाले. आणि मग मुंबई.

कुलाब्याला 'तलवार' नावाचं नौदलाचं सिग्नल ट्रेनिंगचं केंद्र होतं. तिथली पोरं बहुतेक विशीतली, शिकलेली, नुकतीच महायुद्ध बघून आलेली. बी. सी. दत्त नावाच्या खलाशाला भिंतीवर 'जय हिंद', 'क्विट इंडिया' लिहिल्याबद्दल आधीच पकडलं होतं. कमांडर किंग नावाचा अधिकारी त्यांना कुली, जंगली असे शब्द वापरून शिव्या द्यायचा. १८ तारखेला सकाळी नाश्त्याला जी डाळ आणि ब्रेड समोर आला तो कुणी तोंडात घातला नाही, जेवण नाही तर काम नाही, एवढंच. तिथून चार-पाच दिवसांत ७८ जहाजं, २० ठाणी आणि २०,००० च्या आसपास खलाशी संपात. जहाजांवरचे इंग्रजांचे झेंडे उतरवले आणि काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा चांदतारा आणि कम्युनिस्टांचा लाल बावटा असे तिन्ही एकत्र चढवले. संप समितीचा अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. मागण्याही नुसत्या जेवणाच्या नव्हत्या, गोऱ्या खलाशांइतका पगार, आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य मागे घ्या ही पण मागणी होती. विशीतल्या पोरांना दुसऱ्या गुलाम देशाची पडलेली होती, हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

२१ ला कॅसल बराकीत गोळीबार झाला, नौदलाचा प्रमुख ॲडमिरल गॉडफ्रेने रेडिओवरून धमकी दिली की गरज पडली तर अख्खं नौदल नष्ट करू. जहाजांवर उपासमार होऊ नये म्हणून मुंबईकर जेवणाच्या पुड्या, फळं, दूध घेऊन गेटवेला जमले. २२ ला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवर हरताळ पडला, गिरण्या बंद, परळ-लालबागचे कामगार रस्त्यावर, आणि लष्कराने बेधडक गोळ्या चालवल्या. २०० च्या वर माणसं मेली, त्यातली बहुतेक साधी, वाटेवरची. सरदार पटेलांनी खलाशांना शरण जायला सांगितलं, जिनांनीही संप मागे घ्या म्हटलं, आणि २३ ला संप संपला. पटेलांचं म्हणणं होतं की उद्या स्वतंत्र भारतालाही शिस्तीचं सैन्य लागणारच आहे. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही, पण त्या पोरांना एकटं पाडलं गेलं हेही तितकंच खरं.

आता सरकारचं. मार्चमध्ये कॅबिनेट मिशन आलं, त्यातल्या तिघांपैकी ए. व्ही. अलेक्झांडर हे ब्रिटिश नौदल खात्याचेच मंत्री. बळ वापरून इथे राहायचं तर कुणाच्या भरवशावर, याला इंग्रजांकडे उत्तर उरलं नव्हतं, वरून महायुद्धाने त्यांची तिजोरी रिकामी केलेली आणि अमेरिकेकडून कर्ज काढायची वेळ आलेली. त्यामुळे बोलणी आता द्यायचं का नाही यावर नाही तर कुणाच्या हातात द्यायचं यावर अडली. प्रांतांच्या विधानसभांनी जुलैमध्ये संविधान सभा निवडली, आणि २ सप्टेंबर १९४६ ला हंगामी सरकार आलं. कायद्याने ते व्हाइसरॉयचं कार्यकारी मंडळच होतं, नेहरू फक्त उपाध्यक्ष. पण संरक्षण खातं, जे तोपर्यंत इंग्रज सरसेनापतीकडे असायचं, ते बलदेव सिंगांकडे आलं. बंड मोडल्याला जेमतेम सहा महिने झाले होते!

पुढचं दुःखाचं आहे. ऑगस्टमध्येच कलकत्त्यात हिंदू-मुस्लिम कत्तल झालेली, ऑक्टोबरमध्ये लीग सरकारात आली, अर्थखातं लियाकत अलींकडे, आणि एकाच मंत्रिमंडळात दोन सरकारं असल्यासारखी ओढाताण. २० फेब्रुवारी १९४७ ला ॲटलींनी भारत सोडायला जून १९४८ ची मुदत जाहीर केली, नवे व्हाइसरॉय माउंटबॅटननी ती ऑगस्ट १९४७ वर आणली. जहाजांवर एकत्र चढलेल्या झेंड्यांपैकी दोन झेंडे दीड वर्षात दोन देशांचे झाले.

आणि ती पोरं? शेकडोंना नोकरीवरून काढलं, आणि स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं ना पाकिस्तानच्या. कुलाब्यात त्यांचं स्मारक झालं ते २००१ मध्ये, तोपर्यंत ५५ वर्षं होऊन गेली होती.