बायबलमधला खोल अर्थ शोधायचा कसा? त्यासाठी ग्रीक यायलाच हवी का?

तुम्ही लिहिलंय की चारही शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या जीवनाची पुस्तकं, दोनदा वाचून झाली, गोष्टी तोंडपाठ आहेत, पण लोक ज्याला खोल अर्थ म्हणतात तो काही हाती लागत नाही. ग्रीक शिकावी लागेल का, की आकड्यांत काही दडलंय, असंही विचारलंय.

आकड्यांच्या नादी मीही लागलो होतो. आता माझा अनुभव असा आहे की एका ओळीचा अर्थ बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी पानावर सापडतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय घ्या. पुनरुत्थानानंतर येशू किनाऱ्यावर शिष्यांसाठी न्याहारी करतोय आणि तिथे कोळशांचा विस्तव आहे. विस्तव म्हटलं असतं तरी चाललं असतं, मग कोळसे कशाला? मूळ ग्रीक शब्द 'अँथ्राकिया'. सगळ्या नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, तो दोनच ठिकाणी येतो. एक इथे आणि दुसरा योहान 18:18 मध्ये, येशूला अटक झाली त्या रात्री महायाजकाच्या अंगणात. थंडीत येशूचा शिष्य पेत्र तिथे शेकत उभा आहे आणि 'मी त्याचा शिष्य नाही' म्हणतोय. तीनदा नाकारलं त्याने. किनाऱ्यावरच्या कोळशांपाशी येशू त्याला तीनदाच विचारतो, 'माझ्यावर प्रेम करतोस का?' नाकारण्याचा विषयसुद्धा निघत नाही. तो तिसरा प्रश्न पेत्राला का लागला, हे मला त्या कोळशांमुळे कळलं. लूकने आपल्या शुभवर्तमानात अंगणातल्या त्याच शेकोटीला साधा 'अग्नी' म्हटलंय, म्हणजे शब्द योहानाने निवडलेला दिसतो.

आता फसवा खोल अर्थ कसा असतो तेही बघा, उदाहरण त्याच संवादातलं आहे. येशू पहिल्या दोन प्रश्नांत 'अगापाओ' हे क्रियापद वापरतो, पेत्र दर वेळी 'फिलेओ'ने उत्तर देतो, आणि तिसऱ्यांदा येशूही 'फिलेओ' म्हणतो. यावरून दैवी प्रेम आणि मानवी प्रेम असा फरक काढणारी प्रवचनं तुम्ही ऐकली असतील. ऐकायला सुरेख वाटतं. पण हाच योहान 'पिता पुत्रावर प्रीती करतो' हे 3:35 मध्ये 'अगापाओ'ने लिहितो आणि 5:20 मध्ये 'फिलेओ'ने. म्हणजे त्याच्या लेखी हे शब्द अदलून-बदलून चालतात. अर्धवट ग्रीक न येण्यापेक्षा घातक, असं माझं मत झालंय. एखादा शब्द आणखी कुठे कुठे आलाय हे दाखवणारी शब्दसूची जवळ असली की पुष्कळ भागतं.

दुसरी जागा जुन्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागाची. क्रुसावर येशू म्हणतो, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ही 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. ते स्तोत्र पूर्ण वाचा. बघणारे डोकी हलवून थट्टा करतात, कपडे चिठ्ठ्या टाकून वाटून घेतात, आणि शेवट मात्र देवाने पीडिताची हाक ऐकली या स्तुतीत होतो. म्हणून ती किंकाळी खोटी ठरत नाही हं. पुढची स्तुती ठाऊक असलेल्या माणसाच्या तोंडून ती आली, एवढंच.

चर्चच्या परंपरेत याहून धाडसी वाचनही झालंय. ओरिजेन आणि पुढे ऑगस्टीन या प्राचीन धर्मपंडितांच्या परंपरेत चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला (वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची येशूने सांगितलेली गोष्ट) जखमी प्रवासी म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी. योहान 21 मध्ये शिष्यांच्या जाळ्यात सापडलेले 153 मासे म्हणजे 1 ते 17 या आकड्यांची बेरीज, हेही ऑगस्टीनने टिपलं; 17 म्हणजे दहा आज्ञा आणि आत्म्याची सात दानं! मला हे ओढूनताणून वाटतं. पण त्याचीच एक कसोटी मी रोज वापरतो: जो अर्थ देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढवत नाही, तो अजून नीट कळलेला नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने दुसरं कुंपण घातलं, की बाकीचे सगळे अर्थ शब्दशः अर्थावरच उभे राहायला हवेत. दाखला आधी रस्त्यात पडलेल्या माणसाचाच आहे.

सरावासाठी मार्क 8:22 पासून 33 पर्यंत वाचा. येशू आंधळ्यावर हात ठेवतो आणि त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात. पुन्हा हात ठेवावा लागतो. एका खेपेत बरं न होणारी शुभवर्तमानांतली ही एकच व्यक्ती. लगेच पुढे पेत्र 'तू ख्रिस्त आहेस' म्हणतो आणि थोड्याच ओळींत येशूची खरमरीत बोलणी खातो. या दोन प्रसंगांचा संबंध मी सांगत नाही, तुम्हीच सलग तीनदा वाचून बघा.