दोस्ती हराम आहे का, असं विचारणाऱ्या मुलास

प्रिय बेटा,
अस्सलामु अलैकुम.

तुझा मेसेज वाचला, तू पाठवलेली त्या वक्त्याची क्लिपही पाहिली. कुरआनातल्या सूरह माइदाची 51 वी आयत (ज्यू-ख्रिस्ती लोकांना ‘औलिया’, म्हणजे दोस्त-पाठीराखे, करू नका) म्हणायची आणि बिगरमुस्लिमांशी दोस्ती हराम सांगून मोकळं व्हायचं, हे मला मुळीच पटत नाही. लढाईच्या दिवसांत आपल्याच लोकांविरुद्ध शत्रूला जाऊन मिळण्याशी अनेक मुफस्सिरांनी (कुरआनच्या भाष्यकारांनी) त्या आयतीचा संबंध लावला आहे. त्याच सूरहची 5 वी आयत त्या वक्त्याने का नाही वाचली? ज्यू-ख्रिस्ती लोकांचं अन्न हलाल, त्यांच्यातल्या शीलवान स्त्रियांशी निकाह जायज, असं तिथे आहे. ज्या घरात पोरांची आई ख्रिस्ती असू शकते, तिथे माया कशी हराम असेल?

आता सूरह मुम्तहिना उघड. तेराच आयती आहेत. जे दीनवरून (धर्मावरून) तुमच्याशी लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घरातून हुसकावलं नाही, त्यांच्याशी भलाईने आणि इन्साफने वागायला अल्लाह मना करत नाही, असं 8 वी आयत सांगते.

हजरत अबू बक्र यांची लेक हजरत अस्मा, त्यांची आई मुसलमान झाली नव्हती. मक्केच्या कुरैश टोळीशी तह झाला होता त्या काळात ती मक्केहून मदिनेला लेकीकडे आली. काही रिवायतींत (जुन्या कथनांत) येतं की तिने तूप वगैरे भेटी आणल्या होत्या. अस्मांनी त्या घेतल्या नाहीत, आईला घरातही घेतलं नाही, आधी पैगंबरांकडे (स.) विचारणा केली. विचार कर, दारात आई उभी आणि लेक फैसल्याची वाट बघतेय! पैगंबरांनी (स.) सांगितलं, आईशी नातं सांभाळ. बुखारी या हदीससंग्रहात हा जवाब आहे.

नातं नसेल तिथेही हेच. नबुव्वतच्या (पैगंबरी मिळण्याच्या) आधी मक्केत आस बिन वाइलने यमनच्या एका व्यापाऱ्याचे पैसे बुडवले. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी करार झाला की मजलूमला, म्हणजे ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला, हक्क मिळवून द्यायचा. हाच हिल्फुल फुजूल. तरुणपणी पैगंबर (स.) त्यात हजर होते, आणि पुढे म्हणाले की इस्लाममध्येही कोणी त्यासाठी बोलावलं तर मी जाईन. मग घरमालकाने सगळ्या मुलांचं डिपॉझिट अडवलंय, तर त्यांच्यासोबत अर्जावर सही करायला तू का कचरतोस?

हद्द आहेच. इबादत आपली आपल्यापाशी. आरतीत उभं राहू नकोस. प्रसाद घेऊ नये असं आपल्याकडचे बहुतेक उलेमा म्हणतात, मीही घेत नाही. पण ताट पुढे करणाऱ्या काकूंना कारण नीट सांग आणि त्यांच्याकडचा चहा पिऊनच ऊठ. सणाच्या शुभेच्छांवर मतभेद आहेत. जुन्या काळचे आलिम इब्न कय्यिम कडक होते, आजचे कित्येक उलेमा मुभा देतात. मी देतो शुभेच्छा.

एक गोष्ट मात्र मला लागली. रूममेटचे आजोबा गेले आणि तू त्या क्लिपपायी खोलीत बसून राहिलास. एका ज्यू माणसाचा जनाजा (अंत्ययात्रा) जाताना पैगंबर (स.) उभे राहिले होते. हा तर ज्यू, असं कोणी म्हणालं, तेव्हा त्यांनी विचारलं, तो जीव नव्हता का?

या रविवारी त्याच्या गावी जा. सकाळची एसटी पकड. विधीत बसायची गरज नाही, पण पाहुण्यांची ऊठबस, पाणी भरणं, पडेल ते काम कर. जोहरची (दुपारच्या नमाजची) वेळ झाली की त्याच्या घरच्यांना नमाजपुरती जागा माग, ते देतील.

दुआगो,
तुझे सर