रानअळंबी : खाण्याआधी बुंधा उकरून पाहा

प्रश्न (पेठ, इगतपुरी तालुक्यांतील शेतकरी) : पावसाळा सुरू झाला की वारुळाजवळ, बांधावर पांढरी अळंबी उगवते. त्यातली विषारी कशी ओळखायची?

उत्तर : अळंबी विळ्याने कापू नका, ओढूनही काढू नका. खुरप्याने भोवतालची चार बोटे माती उकरून बुंध्यासकट उचला. जीवघेण्या अमानिटा गटाची मुख्य खूण मातीतच असते. देठाचा तळ फुगीर आणि त्याभोवती फाटक्या पिशवीसारखे आवरण. ओढून काढली की ही पिशवी जमिनीतच राहते आणि हातात येते ती निरुपद्रवी दिसणारी छत्री. देठावर बहुधा कडे असते, पण पावसात ते गळूनही जाते. टोपीखालचे पापुद्रे उमलल्यावरही बहुधा पांढरेच राहतात.

वारुळाच्या खाद्य अळंबीचा देठ खाली मुळासारखा निमुळता होत खोल वारुळापर्यंत जातो. तळाला पिशवी नसते, टोपीच्या मध्यावर टोक असते. न उमललेल्या कळ्या मात्र मुळीच गोळा करू नका, त्या वयात खुणा स्पष्ट नसतात.

ठसाही घ्या. देठ कापून टोपी, पापुद्रे खाली करून, अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी झाका. रात्रभरात बीजाणूंचा रंग उमटतो. अमानिटाचा पांढरा, वारुळाच्या अळंबीचा गुलाबीसर. उकिरड्याजवळ, गवतात येणाऱ्या खवलेदार मोठ्या छत्रीचा ठसा हिरवट आला तर ती विषारीच. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब होतात. पण गुलाबी ठसा म्हणजे खाद्य, असेही नाही. काही विषारी जातींचा ठसाही गुलाबी असतो. एक जरी खूण जुळली नाही तरी अळंबी टाकून द्या.

प्रश्न : भाजीत चांदीचे नाणे किंवा लसूण टाकून, काळे पडते का ते पाहिले तर?

उत्तर : या परीक्षेवर अजिबात विसंबू नका. अमानिटाच्या विषाने ना चांदी काळी पडते ना लसूण. किडीने, गोगलगायीने खाल्लेली अळंबीही माणसाला मारू शकते. उकडून पाणी फेकले, वाळवली, तरी हे विष जात नाही.

प्रश्न : खाल्ल्यावर त्रास झाला तर?

उत्तर : अमानिटाचा त्रास साधारण 6 ते 24 तासांनी सुरू होतो, तोवर माणूस ठणठणीत असतो. उलट्या-जुलाबांनंतर एखादा दिवस बरे वाटते. इथेच घरचे लोक फसतात, कारण आत यकृताची नासाडी चालूच असते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते. म्हणून जुलाब थांबले तरी घरी थांबू नका. 108 ला फोन करा. ताटावर बसलेल्या प्रत्येकाला, त्रास नसला तरी, दवाखान्यात न्या. सोबत उरलेली कच्ची अळंबी बुंध्यासह कागदी पिशवीत घ्या; प्लॅस्टिकमध्ये ती लवकर सडते आणि ओळख पटवता येत नाही.