पहिल्या जनसुनावणीआधी

कंपनीला सल्ला द्यायला निघालायस, तर आधी गावात जाऊन ये. वकील नंतर. जनसुनावणी म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण परवानगी मिळण्याआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायची सरकारी सभा. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे तिची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते आणि बऱ्याच कंपन्या तेव्हाच जाग्या होतात. तोवर लोकांचं मत बनलेलं असतं.

कोकणातल्या एका सुनावणीत साहेबांनी मांडवात इंग्रजी स्लाइड लावल्या. एक कोळीण उठली, "गरम पाणी खाडीत सोडणार, मग आमच्या कोळंबीचं काय?" सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तो प्रश्न महिनाभर आधी ऐकून घेणं माझं काम होतं. अजून टोचतं.

विरोधकांचा आकडा चुकला म्हणून हुरळूनही जाऊ नकोस. ब्रेंट स्पार ही तेलाची तरंगती टाकी समुद्रात बुडवायचा बेत शेल या तेल कंपनीने 1995 च्या जूनमध्ये सोडला. आतल्या तेलाचा अंदाज चुकल्याची माफी विरोध करणाऱ्या ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने मागितली ती सप्टेंबरमध्ये. जर्मनीत शेलच्या पेट्रोल पंपांवर बहिष्कार केव्हाच पडून गेला होता.

'उपद्रवी लोकांची' यादी कुणी हातात दिली, तर त्यातल्या मास्तरांनाच पहिला फोन लाव. भेटायला जाताना प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश सोबत ने.