सायकल मार्गिका : हरकती-सूचनांच्या पत्रात काय लिहावे?

प्रश्न : आमच्या वसाहतीसमोरच्या रस्त्याच्या फेररचनेचा आराखडा महापालिकेच्या विभाग कार्यालयात लावला असून त्यात सायकल मार्गिका व गतिरोधक आहेत. हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. सोसायटीतील काहींना पार्किंग जाण्याची धास्ती आहे, तर ज्येष्ठांना रस्ता ओलांडण्याची सोय हवी आहे. पत्रात काय लिहावे?
— एक वाचक, मुंबई उपनगर

उत्तर : केवळ पाठिंबा किंवा विरोध कळवणारे पत्र फायलीला लागते आणि तिथेच राहते. अभियंत्याच्या उपयोगी पडते ती जागा व वेळ सांगणारी सूचना : शाळा सुटताना रिक्षा कुठे थांबतात, सकाळी भाजीचा टेम्पो कोणत्या दारासमोर रिकामा होतो, ज्येष्ठ मंडळी प्रत्यक्षात कुठून रस्ता ओलांडतात.

पार्किंगचा विषय मुळीच टाळू नये. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) सुमारे 13 किलोमीटरचा सायकल ट्रॅक बांधला. त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या आणि अखेर वाहनांना जागा देण्यासाठी तो काढण्याचे ठरले. म्हणून मार्गिका नुसत्या रंगाच्या पट्ट्याने आखणार की कर्बस्टोन (कडेचे उंच दगड) घालून वेगळी करणार, आणि माल उतरवण्यासाठी जागा कुठे ठेवली आहे, हे लेखी विचारावे. मार्गिकेतील गटाराच्या जाळीच्या पट्ट्या आडव्या बसवण्याचा आग्रह धरावा, कारण उभ्या फटीत सायकलचे चाक अडकते.

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकानुसार ताशी 25 किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद व 10 सेंटिमीटर उंच असतो. गल्लोगल्ली दिसणारे आखूड, टोकदार उंचवटे त्यात बसत नाहीत आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचे हाल मात्र करतात. ज्येष्ठांसाठी पदपथाच्या पातळीइतके उंचावलेले झेब्रा क्रॉसिंग मागणे अधिक योग्य, परंतु त्याच्या दोन्ही कडांना पाणी वाहून जाण्याची वाट ठेवलेली नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात तिथे तळे साचेल.

काँक्रीट ओतण्यापूर्वी शंकू आणि बॅरिकेड लावून तात्पुरती चाचणी घेण्याची मागणीही करावी. मालाडच्या मीठ चौकीत असा प्रयोग झालेला आहे. चाचणीत कामकाजाचे दिवस हवेतच. रविवारी आपले सगळेच रस्ते शहाण्यासारखे वागतात.

सोसायटीतले मतभेद झाकू नयेत, दोन्ही बाजू एकाच पत्रात मांडाव्यात. पत्र मुदतीत देऊन आवक क्रमांक व शिक्क्यासह पोच घ्यावी, म्हणजे सूचनेचे पुढे काय झाले हे माहितीच्या अधिकारात विचारता येईल.