एअर फिल्टर बदलला, मग जेटचे काय?

प्रश्न : माझ्याकडे यामाहा आरएक्स १०० आहे. मूळ एअर बॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढून मी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला. ठाण्याच्या गर्दीत गाडी ठीक चालते, पण घोडबंदर रस्त्यावर थ्रॉटल तीन चतुर्थांशाच्या पुढे नेला की अडखळते आणि प्लग पांढरा निघतो. मेकॅनिकने कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू (हवेचे प्रमाण जुळवणारा) आत फिरवला. फरक पडला नाही. आता तो मेन जेटचे भोक तारेने मोठे करू म्हणतो. करू द्यावे का?
– एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : कृपया जेटला तार लावू देऊ नका. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा छोटा भाग; त्याचे छिद्र अतिशय काटेकोर मापाचे असते. तारेने ते किती वाढले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि त्याची कड खरवडली गेली तर पेट्रोलचा प्रवाहही बिघडतो. नवा जेट स्वस्तात मिळतो. पिस्टन सीझ झाला, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकला, तर बोअरिंगपर्यंतचा (सिलिंडर आतून कातून घेण्याचा) खर्च येतो.

एअर स्क्रू आणि पायलट जेट (कमी थ्रॉटलचा छोटा जेट) यांचा अंमल मुख्यतः थ्रॉटल पाव उघडेपर्यंत असतो. त्यापुढे स्लाइडचा (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेचा) कटअवे, म्हणजे तिची कापलेली कड, आणि तिला जोडलेली निडल, तर अखेरच्या टप्प्यात मेन जेट पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. तुमची तक्रार नेमकी या अखेरच्या टप्प्यातली आहे. मूळ बॉक्सच्या अरुंद तोंडामुळे हवेला जो अडथळा होता तो गेला, त्यामुळे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल खेचणारी ओढ कमी झाली आणि मिश्रण लीन झाले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडू लागले. आरएक्स १००सारख्या टू-स्ट्रोक इंजिनात हे विशेष घातक आहे, कारण आत येणारे पेट्रोलच पिस्टनला काही अंशी थंड ठेवते.

आधी कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला चीर नाही ना, हे पाहा. तिथून हवा शिरत असेल तर कोणताही जेट उपयोगी पडणार नाही. मग एअर स्क्रू मूळ जागी आणून मेन जेट एकदम दोन-तीन क्रमांक मोठा बसवा. पूर्ण थ्रॉटलला गाडी जड आवाजात गुरगुरू लागली, तर एकेक क्रमांक खाली या. लहानाकडून मोठ्याकडे जाऊ नका, कारण प्रत्येक चुकीची किंमत त्या वाटेवर पिस्टन मोजतो. प्लगचा रंग पाहण्यासाठी नवा प्लग लावून पूर्ण थ्रॉटलवर चालवावे, इंजिन त्याच क्षणी बंद करून क्लच दाबावा; फिकट तपकिरी रंग योग्य. ही चाचणी घोडबंदर रस्त्यावर मुळीच नको. बंदिस्त खासगी जागेत किंवा डायनोवरच (गाडी जागेवर चालवून तपासण्याच्या यंत्रावर) करा. मधल्या थ्रॉटलला अडखळणे उरले, तर निडलची क्लिप एक खाच खाली घ्यावी, म्हणजे निडल वर उचलली जाऊन पेट्रोल वाढते.

इंजिनला वेगळे ऑइल पुरवणारा ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळत असाल, तर हेही ध्यानात ठेवा : ऑइल वाढवले की त्याच जेटमधून जाणारे पेट्रोल कमी होते, म्हणजे मिश्रण आणखी लीन होते. शिवाय ठाण्यातल्या पावसात उघडा फिल्टर पाण्याचे तुषार ओढतो. जून ते सप्टेंबर मूळ बॉक्स, आणि त्याबरोबर मूळ जेटही, परत बसवावा असे माझे स्पष्ट मत आहे.